एका क्रमांकाची दोन घरे

(एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर संदेश कसा जातो, त्यासाठी कोणते नियम पाळावे लागतात आणि त्यातला एक साधा नियम मोडला तर काय होते, हे या पाठात शाळेतील एका प्रसंगाच्या आधारे सांगितले आहे. पाठ वाचताना कागद आणि पेन्सिल जवळ ठेवा. मध्येच एक खेळ आहे.)



“नेट बंद आहे.” हे वाक्य तुम्ही किती वेळा ऐकले आहे? बँकेत ऐकले असेल, रेशनच्या दुकानात ऐकले असेल, तिकिटाच्या खिडकीवरही ऐकले असेल. ते ऐकले की आपण मान हलवतो आणि घरी परत येतो. पण ‘बंद आहे’ म्हणजे नेमके काय बंद आहे? तार तुटली आहे? यंत्र बिघडले आहे? की कोणाची तरी चूक झाली आहे? हे आपण सहसा विचारत नाही. मीही विचारत नव्हतो. एके दिवशी ते मला महागात पडले.

मी मालेगावच्या एका उर्दू शाळेत मराठी शिकवतो. आमच्या शाळेत संगणकाची एक खोली आहे. तिथे दहा संगणक आणि एक प्रिंटर आहे. या खोलीची किल्ली माझ्याकडे असते. मी काही संगणकाचा पदवीधर नाही. दुसरे कोणी तयार नव्हते, म्हणून हे काम माझ्याकडे आले, आणि करता करता मी थोडेफार शिकलो.

त्या दिवशी शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची शेवटची तारीख होती. दहावीतली एक मुलगी संगणकासमोर बसली होती. तिचे अब्बा यंत्रमागावर काम करतात. अर्ध्या दिवसाची मजुरी सोडून ते शाळेत आले होते. हातात प्लास्टिकची पिशवी होती. पिशवीत रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचे पासबुक होते. मुलीने अर्ज पूर्ण भरला आणि ‘पाठवा’ हे बटण दाबले. पडद्यावर एक गोल फिरू लागला. तो फिरतच राहिला. अर्ज गेला नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. शेजारच्या संगणकांवरही तेच. मध्येच एखादे पान उघडे आणि लगेच सगळे थांबे.

“सर, नेट बंद आहे,” कोणीतरी म्हणाले.

घड्याळात बारा वाजले होते. शाळा पाच वाजता सुटणार होती.

मित्रांनो, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केले असते? या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी त्या खोलीतले जाळे आपण समजून घेऊ.

दोन संगणकांना बोलायचे असेल तर त्यांच्यामध्ये एक तार जोडली की झाले. पण दहा संगणक असतील तर? प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडायचे ठरवले, तर किती तारा लागतील? हिशेब करून पाहा. पंचेचाळीस! खोलीत पाय ठेवायला जागा उरणार नाही. म्हणून एक युक्ती केली जाते. भिंतीवर एक छोटी पेटी बसवतात. तिला ‘स्विच’ म्हणतात. प्रत्येक संगणकाची एकच तार या पेटीत येते. दहा संगणकांना दहा तारा पुरतात. पहिल्या संगणकाला चौथ्याशी बोलायचे असेल, तर तो आपला संदेश पेटीकडे पाठवतो आणि पेटी तो चौथ्याच्या तारेवर सोडते. एका खोलीतील किंवा एका इमारतीतील अशा जाळ्याला ‘स्थानिक जाळे’ म्हणतात.

ती जाड तार आतून पाहिली आहे का? तिच्यात आठ बारीक तारा असतात. दोन-दोन तारांना एकमेकींभोवती पीळ दिलेला असतो. असे चार पीळ असतात. पीळ दिल्यामुळे शेजारच्या तारांतील विजेचा त्रास कमी होतो आणि संदेश स्वच्छ पोहोचतो. अशी एक तार जास्तीत जास्त शंभर मीटर लांब असावी, असा नियम आहे. वाय-फायमध्ये तार नसते. तिथे हेच काम रेडिओच्या लहरी करतात.

आता संदेश कोणाचा आणि कोणाकडे जायचा, हे कसे कळते? पोस्टमनला जसे कळते तसेच. पत्त्यावरून! जाळ्यातील प्रत्येक यंत्राला पत्ता असतो. त्याला ‘आय.पी. पत्ता’ म्हणतात. तो चार संख्यांचा असतो. प्रत्येक संख्या ० ते २५५ या दरम्यानची असते. आमच्या खोलीतील एका संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.१७ असा आहे. आमच्याकडे पहिल्या तीन संख्या सर्वांच्या सारख्याच आहेत. त्या म्हणजे जणू मोहल्ल्याचे नाव. शेवटची संख्या म्हणजे घराचा क्रमांक. दहा संगणकांना ११ ते २० असे क्रमांक दिले आहेत. प्रिंटरला ३० क्रमांक आहे. आणि क्रमांक १? तो आहे दाराचा. त्याची गोष्ट पुढे येईल.

इथे एक साधा नियम लक्षात ठेवा. एका मोहल्ल्यात एका क्रमांकाची दोन घरे असता कामा नयेत.

आता खेळ खेळू. एका कागदाच्या आठ चिठ्ठ्या करा आणि प्रत्येक चिठ्ठीवर या वाक्यातला एकेक शब्द लिहा : ‘उद्या सकाळी आठ वाजता मैदानावर क्रिकेटचा सामना आहे.’ प्रत्येक चिठ्ठीवर आणखी तीन गोष्टी लिहा. चिठ्ठी कोणाकडून आली, कोणाकडे जायची आणि आठांपैकी ती कितवी आहे. आता या चिठ्ठ्या वर्गातल्या शेवटच्या बाकावरील मित्राकडे पाठवा. पण सर्व एकाच रांगेतून नको. काही उजव्या रांगेतून जाऊ द्या, काही डाव्या. मित्राच्या हातात त्या उलटसुलट क्रमाने पडतील. तरी तो चिंता करणार नाही. क्रमांक पाहून तो वाक्य जुळवील. समजा, तिसरी चिठ्ठी वाटेत हरवली. मग सामना किती वाजता आहे, हेच कळणार नाही! तेव्हा तो सांगेल, “तिसरी चिठ्ठी मिळाली नाही, पुन्हा पाठव.” तुम्ही फक्त तिसरी चिठ्ठी पुन्हा लिहून पाठवाल. सगळे पत्र पुन्हा लिहावे लागणार नाही.

संगणकही हेच करतात. या चिठ्ठ्यांना ‘पॅकेट’ म्हणतात. आमच्या खोलीतल्यासारख्या जाळ्यात एका पॅकेटमध्ये साधारणपणे जास्तीत जास्त १,५०० अक्षरांएवढा मजकूर मावतो. ही अक्षरे म्हणजे संगणकाची अक्षरे, ज्यांना ‘बाइट’ म्हणतात. तुम्ही आपल्या मामूंना ईदचा एक फोटो पाठवला आणि तो तीस लाख बाइटचा असला, तर त्याची सुमारे दोन हजार पॅकेट होतात. ती दोन हजार पॅकेट मामूंच्या फोनमध्ये जाऊन पुन्हा जुळतात, आणि मामू म्हणतात, “वा! नवा कुर्ता छान दिसतो!”

खेळात तुमच्या लक्षात एक गोष्ट आली असेल. तुम्ही आणि तुमचा मित्र, दोघांना नियम आधीच माहीत होते. चिठ्ठीवर क्रमांक कुठे लिहायचा, हरवली तर काय म्हणायचे, हे ठरलेले होते. संगणकांनाही असे ठरलेले नियम लागतात. या नियमांना ‘प्रोटोकॉल’ म्हणतात. एक संगणक जपानमध्ये बनलेला असेल, दुसरा चीनमध्ये. एक जुना असेल, दुसरा नवा. नियम एक असले की दोघे बोलू शकतात. तुमची घरची भाषा उर्दू असेल, दुकानदाराची अहिराणी असेल. दोघांना मराठी येत असेल तर सौदा होतो. प्रोटोकॉलचे काम असेच आहे.

हे नियम एका दिवसात तयार झाले नाहीत. दूरच्या संगणकांना जोडण्याचा एक मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात चार्ली क्लाइन नावाचा विद्यार्थी संगणकासमोर बसला होता. सुमारे साडेपाचशे किलोमीटर दूर असलेल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या संगणकाला त्याला ‘लॉगिन’ हा शब्द पाठवायचा होता. इंग्रजीत या शब्दाची पाच अक्षरे आहेत. त्याने ‘एल’ पाठवले. पोहोचले. ‘ओ’ पाठवले. पोहोचले. तिसऱ्या अक्षराला समोरचा संगणक बंद पडला! त्या जाळ्यावरून गेलेला पहिला संदेश फक्त दोन अक्षरांचा ठरला. पण कोणी धीर सोडला नाही. दोष शोधला, दुरुस्त केला, आणि सुमारे तासाभराने संपूर्ण जोडणी झाली.

पुढे अशी अनेक जाळी तयार झाली. पण प्रत्येकाचे नियम वेगळे. एका जाळ्याला दुसऱ्याची भाषा कळेना. विंट सर्फ आणि रॉबर्ट कान या दोघांनी १९७४ साली सर्व जाळ्यांना जोडणाऱ्या समान नियमांची योजना मांडली. १ जानेवारी १९८३ रोजी त्या पहिल्या जाळ्याने हे नियम स्वीकारले. आजचे इंटरनेट याच पायावर उभे आहे. इंटरनेट म्हणजे जाळ्यांचे जाळे. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केले.

आता तुम्ही विचाराल, आपली उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात आणि मराठी डावीकडून उजवीकडे. मग तारेत त्यांची टक्कर होत नाही का? मुळीच नाही. तारेतून अक्षरे जात नाहीत, संख्या जातात. जगातील लिपींच्या अक्षरांना क्रमांक देण्याचा एक संकेत ठरला आहे. त्याचे नाव ‘युनिकोड’. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. त्यात मराठी ‘अ’चा क्रमांक २३०९ आहे आणि उर्दू ‘अलिफ’चा १५७५. संख्या पोहोचल्यावर पडदा ठरवतो, की ओळ कोणत्या बाजूने सुरू करायची. जाळ्याच्या दृष्टीने दोन्ही भाषा सारख्याच मानाच्या आहेत.

खोलीतले संदेश खोलीत फिरतात, हे आपण पाहिले. पण अर्ज तर दूरच्या शहरातील संगणकाकडे पाठवायचा होता. तो बाहेर कसा जाणार? त्यासाठी जाळ्याला एक दार लागते. या दाराला ‘राउटर’ म्हणतात. संगणकाला सांगून ठेवलेले असते, “पत्ता आपल्या मोहल्ल्यातला असेल तर थेट त्या घरी दे. बाहेरचा असेल तर क्रमांक १ च्या दाराकडे दे. पुढचे ते पाहील.” हे दार पॅकेट घेते आणि बाहेरच्या राउटरकडे देते. तो पुढच्याकडे देतो. असे हातोहात पॅकेट मुक्कामी पोहोचते. वाटेतल्या कोणत्याही राउटरला संपूर्ण जगाचा नकाशा ठाऊक नसतो. पुढचे पाऊल कुठे टाकायचे, एवढे त्याला ठाऊक असते.

संख्यांचे पत्ते माणसांच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून संकेतस्थळांना नावे दिली आहेत. नाव सांगितले की त्याचा क्रमांक शोधून देणारी एक व्यवस्था आहे. तिला ‘डी.एन.एस.’ म्हणतात. ती १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी आखली. तुम्ही फोनमध्ये ‘खाला’ असे नाव दाबता आणि फोन त्यांचा क्रमांक लावतो, तसेच हे आहे. २०१४ सालापासून ‘.भारत’ या शब्दाने संपणारी देवनागरी नावेही मिळू लागली.

परदेशी जाणारी पॅकेट बहुतेक समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधून जातात. उपग्रहावरून त्यांतली फार थोडी जातात. आपल्या मुंबईच्या किनाऱ्याला अशा अनेक केबल येऊन मिळतात. त्यांत केसासारखे बारीक काचेचे तंतू असतात आणि तंतूंतून प्रकाश धावतो. काचेतून प्रकाश एका सेकंदात सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे दहा हजार किलोमीटर जायला त्याला सेकंदाचा विसावा भाग लागतो! जानेवारी २००८ च्या अखेरीस इजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहराजवळ समुद्रात दोन केबल तुटल्या आणि भारतातील इंटरनेट फार मंदावले. तरी ते संपूर्ण थांबले नाही. पॅकेटना दुसऱ्या, लांबच्या वाटेने पाठवण्यात आले. तुमच्या खेळातल्या चिठ्ठ्यांप्रमाणेच.

आता आपण पुन्हा आमच्या खोलीत येऊ.

मुलगी १७ क्रमांकाच्या संगणकावर होती. मी आधी तार तपासली. स्विचवरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. तार ठीक. मग तिला एक पान प्रिंटरवर छापायला सांगितले. पान छापून आले. म्हणजे मोहल्ल्यातल्या गल्ल्या ठीक. मग दाराची परीक्षा घेतली. त्यासाठी ‘पिंग’ नावाची आज्ञा असते. ती एक छोटे पॅकेट पाठवते आणि उत्तराची वाट पाहते. जणू आपण दार ठोठावतो आणि विचारतो, “कोणी आहे का?” क्रमांक १ कडून लगेच उत्तर आले. म्हणजे दारही ठीक! मग बाहेरचा एक पत्ता ठोठावला. एकदा उत्तर आले, चार वेळा आले नाही.

मी निकाल देऊन टाकला. दोष बाहेर आहे. इंटरनेट देणाऱ्या कंपनीला फोन लावला आणि चढ्या आवाजात बोललो. त्यांनी शांतपणे तपासून सांगितले, “सर, तुमच्या दारापर्यंत सगळे व्यवस्थित आहे.” मी फोन ठेवला. दोन वाजले होते.

मुलीचे अब्बा दाराजवळ उभे होते. ते हळूच म्हणाले, “सर, मला यातले काही कळत नाही. पण मागावर कापड बिघडू लागले, की आम्ही आधी पाहतो, काल कशाला हात लागला.”

त्यांच्या मुलीने वळून कोपऱ्याकडे पाहिले. तिथे एक जुना संगणक होता. कोणीतरी तो शाळेला भेट दिला होता आणि आदल्या संध्याकाळी मीच तो जोडला होता. त्या वेळी राउटर बंद होता.

“सर, त्या संगणकाला तुम्ही कोणता नंबर दिला?” तिने विचारले.

मी गप्प झालो. हा अकरावा संगणक शिक्षकांसाठी होता. शिक्षकांचा संगणक म्हणून मी त्याला मोठ्या रुबाबात पहिला क्रमांक दिला होता. क्रमांक १! तो तर दाराचा क्रमांक होता.

आता सगळा उलगडा झाला. एखाद्या संगणकाला पॅकेट बाहेर पाठवायचे असेल, तर तो आधी गल्लीत हाक मारतो, “क्रमांक १ कोण आहे?” ज्याचे उत्तर मिळेल, त्याच्या नावाने पॅकेट देतो. आता दोन जण उत्तर देत होते. कधी खरे दार उत्तर देई, तेव्हा पान उघडे. कधी माझा संगणक उत्तर देई, तेव्हा सर्व पॅकेट माझ्या संगणकाकडे जात. त्याला पुढची वाट ठाऊक नव्हती. तो ती पॅकेट घेई आणि टाकून देई. मी दार ठोठावले तेव्हा उत्तर आले होते हे खरे, पण ते चुकीच्या घरातून आले होते. मी फक्त ‘उत्तर आले’ एवढेच पाहिले. कोणाकडून आले, ते पाहिले नाही.

खरे तर तेही पाहता येते. प्रत्येक यंत्राच्या जाळ्याच्या कार्डाला कारखान्यातच एक वेगळा क्रमांक मिळालेला असतो. त्याला ‘मॅक पत्ता’ म्हणतात. आय.पी. पत्ता आपण बदलू शकतो, जसे आपण घर बदलतो. मॅक पत्ता जन्मखुणेसारखा असतो. तो तपासला असता तर चूक दोन मिनिटांत सापडली असती.

मी जुन्या संगणकाचा क्रमांक बदलून २१ केला. सर्व संगणक बंद करून पुन्हा सुरू केले. मुलीने अर्ज पुन्हा भरला. ‘पाठवा’ दाबले. गोल एकदा फिरला आणि पडद्यावर अर्जाचा क्रमांक उमटला. पोचपावती छापून तिच्या अब्बांच्या हातात दिली. त्यांनी ती दोनदा पाहिली, नीट घडी केली आणि पासबुकात ठेवली. अडीच वाजले होते.

मग मी आणखी एक काम केले. कंपनीतील त्या माणसाला पुन्हा फोन केला. “चूक माझी होती,” असे सांगितले. हे वाक्य बोलताना मी खजील झालो होतो. पण संपूर्ण वर्ग ऐकत होता, म्हणून ते बोलणे आणखी गरजेचे होते.

मित्रांनो, पाठ संपवण्याआधी एक सावधगिरीची गोष्ट सांगतो. त्या अर्जात बँकेचा खाते क्रमांक होता. पॅकेट अनेक राउटरच्या हातांतून जाते, हे आपण शिकलो. मग वाटेत कोणी ते वाचले तर? साधा संदेश हा पोस्टकार्डासारखा असतो. वाटेतला कोणीही तो वाचू शकतो. म्हणून महत्त्वाची संकेतस्थळे संदेश सांकेतिक रूपात बदलून पाठवतात. मग तो बंद पाकिटासारखा होतो. अशा संकेतस्थळाचा पत्ता ‘एच.टी.टी.पी.एस.’ या अक्षरांनी सुरू होतो. शेवटचे ‘एस’ हे त्या पाकिटाचे चिन्ह आहे. पण लक्षात ठेवा, पाकीट बंद आहे म्हणजे घेणारा प्रामाणिक आहे, असे नव्हे. लबाड माणूसही बंद पाकीट मागू शकतो. म्हणून संकेतस्थळाचे नाव अक्षर न् अक्षर वाचा. फोनवर आलेला ओ.टी.पी. कोणालाही सांगू नका; मग तो माणूस बँकेचे नाव घेवो, नाहीतर शाळेचे.

आज आमच्या संगणक खोलीच्या भिंतीवर एक तक्ता लावला आहे. त्यावर प्रत्येक यंत्राचा क्रमांक लिहिला आहे. नवे यंत्र जोडण्याआधी तक्ता पाहायचा आणि जोडल्यावर त्यावर लिहायचे, हा आमचा नियम. तक्त्याचे अक्षर त्या मुलीचे आहे. पहिल्याच ओळीत तिने लाल शाईने लिहिले आहे : ‘क्रमांक १ – दार. इतर कोणाला देऊ नये. सरांनाही नाही.’

आता कोणी “नेट बंद आहे” म्हणाले, तर लगेच परत फिरू नका. विचारा, “कुठपर्यंत चालू आहे?” तारेपर्यंत? गल्लीपर्यंत? दारापर्यंत? जिथे उत्तर थांबते, तिथून शोध सुरू करा. आणि शोधताना आपला स्वतःचा हात कुठे लागला होता, हे आधी आठवून पाहा.

शब्दार्थ

दाखला – प्रमाणपत्र
स्थानिक – त्याच जागेचा, तिथल्या तिथला
पीळ – दोन धागे किंवा तारा एकमेकांभोवती गुंडाळणे
संकेत – आधी ठरवलेली खूण किंवा नियम
हातोहात – एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात
मुक्कामी – जिथे पोहोचायचे तिथे
तंतू – बारीक धागा
उलगडा होणे – न कळलेली गोष्ट स्पष्ट होणे
रुबाब – ऐट, तोरा
पोचपावती – मिळाल्याची लेखी खूण

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) दहा संगणकांपैकी प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडण्यासाठी किती तारा लागतील?
(आ) आय.पी. पत्त्यात किती संख्या असतात?
(इ) १९६९ साली पाठवलेल्या पहिल्या संदेशाची किती अक्षरे पोहोचली?
(ई) भारतात सामान्य लोकांसाठी इंटरनेट केव्हा सुरू झाले?
(उ) लेखकाने जुन्या संगणकाला कोणता क्रमांक दिला होता?

२. कारणे लिहा.
(अ) तारांना पीळ देतात, कारण...
(आ) प्रत्येक पॅकेटवर क्रमांक असतो, कारण...
(इ) २००८ साली केबल तुटूनही इंटरनेट संपूर्ण थांबले नाही, कारण...
(ई) लेखकाने कंपनीला पुन्हा फोन केला, कारण...

३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) ‘पिंग’चे उत्तर आले तरी लेखक कसा फसला?
(आ) मुलीच्या अब्बांच्या बोलण्याचा दोष शोधायला कसा उपयोग झाला?
(इ) पोस्टकार्ड आणि बंद पाकीट यांच्या उदाहरणातून लेखकाने काय समजावले आहे?

४. वाक्यांत उपयोग करा.
महागात पडणे, धीर सोडणे, खजील होणे, उलगडा होणे.

५. भाषाभ्यास
उर्दूत नामांची दोन लिंगे असतात. मराठीत तीन असतात. पुढील नामांचे ‘तो’, ‘ती’, ‘ते’ असे तीन गट करा.
संगणक, तार, जाळे, पत्ता, चिठ्ठी, दार, क्रमांक, गल्ली, पाकीट.

६. उपक्रम
आपल्या शाळेतील संगणक खोली शिक्षकांच्या परवानगीने पाहा. कोणते यंत्र कोणत्या तारेने कशाला जोडले आहे, याची आकृती काढा. दार कोठे आहे, ते लाल रंगाने दाखवा.